सिलेक्टनं काढलेला चंद्र

एसक्यूएल शिकणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी कर्मचाऱ्यांचा एक तक्ता लिहिलेला असतो. क्रमांक, नाव, विभाग, पगार. त्यातून जास्त पगारवाले शोधा, विभागवार बेरीज काढा, दोन तक्ते जोडा. परीक्षा होते, गुण मिळतात, आणि लेफ्ट जॉइन नक्की काय करतो हे पहिल्या मुलाखतीत पुन्हा अडतं. जळगाव-धुळ्याकडच्या डिप्लोमाच्या पोरांना शिकवताना मी हल्ली सुरुवातीला तो तक्ता उघडतच नाही. आम्ही चित्रं काढतो. डेटाबेसमध्येच, क्वेरी लिहून.

ज्यांचा या प्रांताशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बँकेतलं तुमचं खातं, रेल्वेचं आरक्षण, ऑनलाइन सातबारा हे सगळं कुठेतरी आडव्या ओळी नि उभ्या रकान्यांच्या तक्त्यांत साठवलेलं असतं. त्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल, आणि विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी. या भाषेत ‘रेघ ओढ’, ‘रंग भर’ असा एकही हुकूम नाही. तिला फक्त एवढंच सांगता येतं की मला अशा अशा ओळी हव्यात. त्या कशा शोधायच्या ते डेटाबेस स्वतः ठरवतो.

मग चित्र येणार कुठून?

ठिपक्यांची रांगोळी आठवा. आधी अंगणात ठिपके, अकरा बाय अकरा म्हणा, आणि मग त्यातले कुठले ठिपके कामाला येणार ते ठरतं. एसक्यूएलचं चित्र असंच निघतं, फक्त हात फिरत नाही. आपण एकच अट लिहितो आणि प्रत्येक ठिपक्याला विचारलं जातं: तू या आकारात आहेस की नाहीस? ज्याचं उत्तर ‘हो’ तो चांदणी होतो, बाकीचे टिंबच राहतात.

ठिपके मांडायलाही तक्ता लागत नाही. आकड्यांची एक आडवी रांग घ्यायची, एक उभी घ्यायची आणि दोघींचा क्रॉस जॉइन करायचा. क्रॉस जॉइन म्हणजे इकडच्या प्रत्येकाची तिकडच्या प्रत्येकाशी जोडी. अकरा गुणिले अकरा, १२१ जोड्या. पुस्तकात याला धोक्याची खूण लावलेली असते, कारण खऱ्या कामात चुकून क्रॉस जॉइन झाला तर दहा हजार ओळींचे दहा कोटी होतात नि सर्व्हर गुडघे टेकतो. चित्रात मात्र तोच अंगण सारवून देतो.

एक सूचना. खालचा कोड वाचायला सोपा जावा म्हणून मी देवनागरीत लिहिला आहे. मशीनसमोर बसाल तेव्हा सिलेक्ट, फ्रॉम वगैरे शब्द आणि आकडे रोमनमध्ये टाइप करा. रकान्यांची नावं मात्र ‘आडवा’, ‘उभा’ अशी देवनागरीत ठेवलीत तरी पोस्टग्रेस हा डेटाबेस तक्रार करत नाही. कोडमधलं जनरेट_सिरीज आकड्यांची रांग बनवतं, आणि स्ट्रिंग_ॲग एका ओळीतल्या खुणा एकमेकींना जोडतं.

```
सिलेक्ट स्ट्रिंग_ॲग(
    केस व्हेन आडवा*आडवा + उभा*उभा <= २६
         देन '* ' एल्स '. ' एंड,
    '' ऑर्डर बाय आडवा)
फ्रॉम जनरेट_सिरीज(-५, ५) ॲज क(आडवा)
क्रॉस जॉइन जनरेट_सिरीज(-५, ५) ॲज ख(उभा)
ग्रुप बाय उभा
ऑर्डर बाय उभा;
```

उत्तर येतं ते हे:

```
. . . . * * * . . . .
. . * * * * * * * . .
. * * * * * * * * * .
. * * * * * * * * * .
* * * * * * * * * * *
* * * * * * * * * * *
* * * * * * * * * * *
. * * * * * * * * * .
. * * * * * * * * * .
. . * * * * * * * . .
. . . . * * * . . . .
```

हे पहिल्यांदा पडद्यावर उमटलं की अमळनेरकडचं एखादं पोरगं हमखास म्हणतं, “हाई काय शे भो?” चंद्र शे. पौर्णिमेचा.

यातली खरी कामाची ओळ एकच, बेरजेची. मधल्या ठिपक्यापासून आडवं अंतर आणि उभं अंतर, दोघांचे वर्ग करून बेरीज. हे शाळेत पायथागोरसच्या नावानं येतं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत ते भुज, कोटी आणि कर्ण म्हणून आहे. इथे त्यांचं नाव घ्यायला कारण आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, म्हणजे आपण पाटणादेवीला जातो तिथे, नोंद आहे की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापला. ज्या ग्रंथाचा लीलावती हा भाग, तो सिद्धान्तशिरोमणी ११५० सालचा. वर्तुळाची अट शिकायला खान्देशातल्या पोराला ग्रीसपर्यंत जायची गरज नाही.

वर्गमूळ आपण काढलंच नाही, कारण ‘कर्ण पाचाहून लहान का’ आणि ‘कर्णाचा वर्ग पंचविसाहून लहान का’ हे एकच आहे. मग २५ न लिहिता २६ का? २५ लिहून बघा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एकेकच चांदणी बाहेर डोकावते आणि चंद्राला चार काटे फुटतात. ठिपके मोजकेच असले की गणिताला थोडं सैल सोडावं लागतं. चांदणीनंतर एक रिकामी जागा सोडली आहे तीही अशीच एक तडजोड: पडद्यावरचं अक्षर रुंदीपेक्षा उंच असतं, जागा नसेल तर चंद्र अंड्यासारखा ताणला जातो.

आता गंमत बघा. या चंद्रातून दुसरा चंद्र वजा करायचा. अटीला एवढंच शेपूट:

```
अँड नॉट ((आडवा-२)*(आडवा-२) + उभा*उभा <= २०)
```

```
. . . . * * * . . . .
. . * * * . . . . . .
. * * * . . . . . . .
. * * . . . . . . . .
* * * . . . . . . . .
* * * . . . . . . . .
* * * . . . . . . . .
. * * . . . . . . . .
. * * * . . . . . . .
. . * * * . . . . . .
. . . . * * * . . . .
```

चंद्रकोर. अँड, ऑर, नॉट पगाराच्या तक्त्यावर महिनाभर घोकले तरी निसटतात. इथे कंस एक घर सरकला तर कोर मोडते, आणि ती मोडलेली डोळ्यांना दिसते. चित्रं काढून एसक्यूएल शिकवण्यामागे माझं एवढंच म्हणणं आहे. पगाराची बेरीज चुकली तरी आकडा आकड्यासारखाच दिसतो. चित्र चुकलं तर लपत नाही.

ओळींचा क्रम लावणारी शेवटची ऑर्डर बाय काढून टाकली तर काय होतं तेही करून बघा. बऱ्याचदा काहीच बिघडत नाही, आणि तीच खरी भीती. या भाषेच्या मुळाशी एडगर कॉड यांचा १९७० सालचा निबंध आहे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या या गणितज्ञानं सांगितलं की माहिती तक्त्यांत ठेवा आणि तक्ता म्हणजे ओळींचा संच. संचात पहिला-दुसरा नसतो. पुढे त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉईस यांनी १९७४ मध्ये त्यावर भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. म्हणजे ‘मी ज्या क्रमानं टाकलं त्या क्रमानं मिळेल’ असं वचन डेटाबेसनं आपल्याला कधी दिलेलंच नाही. कालपर्यंत क्रमानं येत होतं हा निव्वळ योगायोग. चित्राच्या ओळी एकदा वरखाली झाल्या की हे कायमचं लक्षात राहतं.

एक छोटा चमत्कार इथेच उरकून घेऊ. दोन्ही रांगा ० ते ७ घ्या आणि अट लिहा: `(आडवा & उभा) = ०`. ते चिन्ह दोन आकड्यांचे द्विमान, म्हणजे ० आणि १ मध्ये लिहिलेले, अंक एकाखाली एक ठेवून बघतं की दोघांतही १ असलेली जागा आहे का.

```
* * * * * * * *
* . * . * . * .
* * . . * * . .
* . . . * . . .
* * * * . . . .
* . * . . . . .
* * . . . . . .
* . . . . . . .
```

त्रिकोणात त्रिकोण, त्यात पुन्हा त्रिकोण. वाक्लाव सिएर्पिन्स्की या पोलिश गणितज्ञाच्या नावानं तो ओळखला जातो. त्यांनी १९१५ मध्ये त्याचं वर्णन केलं. रांग ० ते ६३ केली की पडदा भरून जातो. असा त्रिकोण काढायचा हे क्वेरीत कुठेही लिहिलेलं नाही. मला यात अजूनही मजा वाटते.

आता जॉइनकडे. समजा ‘गावं’ नावाचा तक्ता केला. पाचच ओळी: नंदुरबार, धुळे, जळगाव, चाळीसगाव, रावेर. प्रत्येकापुढे रेखांश आणि अक्षांश, दशांशाची कटकट नको म्हणून दहापट करून. जळगाव ७५.६ आणि २१.० वर आहे, म्हणून ७५६ आणि २१०. धुळे ७४८ आणि २०९. नंदुरबार ७४२, २१४. चाळीसगाव ७५०, २०५. रावेर ७६०, २१२. मग ठिपक्यांचं मैदान या आकड्यांएवढं घ्यायचं आणि त्याला गावं लेफ्ट जॉइन करायची:

```
सिलेक्ट स्ट्रिंग_ॲग(
    केस व्हेन गावं.नाव इज नल देन '.' एल्स '*' एंड,
    '' ऑर्डर बाय आडवा)
फ्रॉम जनरेट_सिरीज(७४२, ७६०) ॲज क(आडवा)
क्रॉस जॉइन जनरेट_सिरीज(२०५, २१४) ॲज ख(उभा)
लेफ्ट जॉइन गावं
    ऑन गावं.रेखांश = आडवा अँड गावं.अक्षांश = उभा
ग्रुप बाय उभा
ऑर्डर बाय उभा डेस्क;
```

```
*..................
...................
..................*
...................
..............*....
......*............
...................
...................
...................
........*..........
```

डावीकडे वर नंदुरबार, उजव्या टोकाला रावेर, तळाशी चाळीसगाव. खान्देश, १९० ठिपक्यांत.

लेफ्ट जॉइन म्हणजे काय ते या चित्रात उघडं पडतं. डावीकडचा प्रत्येक ठिपका राहणारच. त्या जागी गाव सापडलं तर त्याचं नाव येईल, नाही सापडलं तर नल. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामं नावही नव्हे. तिथे सांगण्यासारखं काही नाही, एवढंच. आता ‘लेफ्ट’ खोडून नुसता जॉइन ठेवा. १८५ ठिपके गायब होतात आणि पाचही गावं डावीकडे एकाखाली एक, एका रेघेत उभी राहतात. रावेर नि नंदुरबार शेजारी! अंतर दाखवणारी रिकामी जागाच गेल्यावर दुसरं काय होणार? खऱ्या नोकरीत याच चुकीनं ‘एकही विक्री न झालेली दुकानं’ अहवालातून गुपचूप नाहीशी होतात.

दुसरा सापळा याहून बेरकी. फक्त जळगाव जिल्ह्यातली गावं दाखवायची म्हणून कोणी तक्त्यात जिल्ह्याचा रकाना वाढवतं आणि शेवटी लिहितं, व्हेअर जिल्हा = 'जळगाव'. लेफ्ट जॉइन तसाच आहे, तरी मैदान पुन्हा कोसळतं. रिकाम्या ठिपक्यांचा जिल्हा नल असतो, नलची तुलना कधीच खरी ठरत नाही, आणि व्हेअर त्यांना बाहेर काढतं. ती अट ऑनमध्ये हलवली की ठिपके परत येतात आणि चांदण्या जळगाव, चाळीसगाव, रावेर एवढ्याच उरतात. हा फरक मी फळ्यावर कितीही वेळा समजावला असता तरी इतका पटला नसता.

आणि ते ‘डेस्क’, म्हणजे उतरता क्रम. अक्षांश उत्तरेकडे वाढतो, छापील ओळी मात्र वरून खाली वाढतात. डेस्क विसरलं की चाळीसगाव सातपुड्याकडे जातं आणि रावेर खाली अजिंठ्याच्या डोंगराकडे येतं.

चित्रात चांदण्यांऐवजी आपलीच अक्षरं वापरायचा मोह होतो. तिथे देवनागरी हिसका दाखवते. ‘रावेर’ या शब्दाची डावीकडून एक, दोन, तीन अशी वाढत जाणारी पायरी मागितली तर तीन नाही, पाच पायऱ्या मिळतात: र, रा, राव, रावे, रावेर. डेटाबेसला काना-मात्रा ही वेगळी खूण वाटते. तोच शब्द रिव्हर्सनं उलटा केला तर खुणाही उलट्या क्रमानं लागतात आणि ‘रेवार’ नावाचं गाव जन्माला येतं. ‘केळी’ उलटी केली तर वेलांटी आधी येते नि तिला टेकायला अक्षरच नसतं.

म्हणूनच आडव्या पट्ट्यांचा आलेख काढताना नाव उजवीकडे ठेवावं. जिल्ह्यातल्या तालुक्यांची संख्या घेऊन `रिपीट('*', तालुके) || ' ' || नाव` लिहिलं की झालं:

```
*************** जळगाव
****** नंदुरबार
**** धुळे
```

नाव डावीकडे घेऊन रिकाम्या जागांनी सारखं करायला गेलात तर ‘नंदुरबार’ आठ मोजलं जातं, डोळ्यांना दिसतं पाच अक्षरांचं. पट्ट्या दातेरी होतात.

हे सगळं जनरेट_सिरीजवर उभं आहे, आणि ते फंक्शन सगळीकडे नसतं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये ते २०२२ च्या आवृत्तीत आलं, मायएस्क्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये नाहीच. तिथे आकडे आपणच पिकवायचे:

```
विथ रिकर्सिव्ह आकडे(न) ॲज (
    सिलेक्ट १
    युनियन ऑल
    सिलेक्ट न + १ फ्रॉम आकडे व्हेअर न < ११)
सिलेक्ट न फ्रॉम आकडे;
```

पहिली ओळ हातानं दिली, मग प्रत्येक ओळीतून पुढची. ही सोय एसक्यूएलच्या १९९९ च्या प्रमाणकात आली, मुख्यतः ‘याचा साहेब कोण, त्याचा साहेब कोण’ असल्या उतरंडी शोधण्यासाठी. पण तिनं क्वेरीला स्वतःचंच उत्तर पुन्हा वापरता येऊ लागलं, आणि मग लोक थांबले नाहीत. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या अधिकृत माहितीपत्रातच मँडेलब्रॉट संच नावाची नक्षी काढणारी क्वेरी दिलेली आहे: प्रत्येक ठिपक्यावर वर्ग करा, त्या ठिपक्याची सुरुवातीची संख्या त्यात मिळवा, हे जास्तीत जास्त २८ वेळा करा, आणि कोण किती लवकर पळून जातो त्यावरून कुठली खूण छापायची ते ठरवा. शेजारीच सुडोकू सोडवणारी क्वेरीही आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये हाच एसक्यूलाइट बसलेला असतो. थांबायची अट विसरलात तर एसक्यूएल सर्व्हर शंभराव्या फेरीला आणि मायएस्क्यूएल हजाराव्या फेरीला लगाम खेचतो. पोस्टग्रेस मात्र पळतच राहतो. पतसंस्थेच्या चालू डेटाबेसवर हे प्रयोग करू नयेत, हे वेगळं सांगायला नको.

इथवर चित्र म्हणजे अक्षरांची मांडणी होती. खऱ्या रेषाही मिळतात. रस्ते, विहिरी, शेतांच्या हद्दी साठवता याव्यात म्हणून डेटाबेसमध्ये भूमितीचे प्रकार आले: पोस्टग्रेसला पोस्टजीआयएस २००१ पासून, एसक्यूएल सर्व्हरला २००८ च्या आवृत्तीपासून. उत्तरात आकार असला की मॅनेजमेंट स्टुडिओ (एसक्यूएल सर्व्हरसाठी) किंवा पीजीॲडमिन (पोस्टग्रेससाठी) ही क्वेरी चालवायची साधनं तो सरळ काढून दाखवतात. मग आपला देखावा:

```
सिलेक्ट 'पॉलिगॉन((० ०, ३ ४, ६ ०, ० ०))'::जिऑमेट्री
युनियन ऑल
सिलेक्ट 'पॉलिगॉन((४ ०, ८ ५, १२ ०, ४ ०))'::जिऑमेट्री
युनियन ऑल
सिलेक्ट एसटी_बफर('पॉइंट(१० ७)'::जिऑमेट्री, १)
युनियन ऑल
सिलेक्ट एसटी_बफर(
    'लाइनस्ट्रिंग(१२ -१, ७ -२, ३ -१, ० -२)'::जिऑमेट्री, ०.४);
```

सातपुड्याची दोन शिखरं, सूर्य, आणि खाली पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारी तापी. बहुभुज जिथे सुरू झाला तिथेच संपला पाहिजे, म्हणून ० ० दोनदा. बफर म्हणजे दिलेल्या आकाराभोवती ठरावीक अंतराचा फुगवटा. बिंदू फुगवला की सूर्य, रेघ फुगवली की नदी. जवळून पाहिलंत तर सूर्य गोल नाही, बत्तीस बाजूंचा आहे, कारण पोस्टजीआयएस मुद्दाम सांगितलं नाही तर पाव वर्तुळाचे आठच तुकडे करतो. मॅनेजमेंट स्टुडिओत रंग निवडता येत नाही, तो ओळींच्या क्रमानं पडतो. म्हणून हौशी मंडळी हवा तो रंग येईपर्यंत मध्ये नजरेत न येणारे बारीक आकार घुसडतात.

कल्पनेतल्या शून्यापासून खऱ्या पृथ्वीवर आलात की दोन गोष्टी जपा. या मजकुरी पद्धतीत आधी रेखांश, मग अक्षांश. उलट लिहिलं तर जळगाव ७५.६ उत्तर अक्षांशावर, नॉर्वेच्याही वर बॅरेंट्स समुद्रात जाऊन पडतं. मायएस्क्यूएल ८ मध्ये मात्र ४३२६ हा पृथ्वीचा क्रमांक दिला की आधी अक्षांशच लागतो, म्हणजे तिथे नेमकं याच्या उलट.

दुसरी गोष्ट एसक्यूएल सर्व्हरची. गोल पृथ्वीवर हद्दीची बंद रेघ काढली की तिच्या दोन बाजू होतात आणि दोन्हीही बंदिस्तच असतात. आतली कुठली, हे तो चालण्याच्या दिशेवरून ठरवतो: रेघेवरून चालताना जे डाव्या हाताला, ते आत. यावलमधल्या केळीच्या बागेचे चार कोपरे घड्याळाच्या उलट दिशेनं लिहिले तर बाग मिळते. घड्याळाच्या दिशेनं लिहिले तर बाग सोडून उरलेली अख्खी पृथ्वी तुमच्या नावावर लागते, आणि क्षेत्रफळ विचारलं तर सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर असं निर्विकार उत्तर येतं. रीओरिएंट ऑब्जेक्ट हे फंक्शन लावलं की बाग परत मिळते.